ज्याँ इतार : एका मुलाला थांबायला शिकवणारे डॉक्टर

शिक्षक मित्रांनो, डी.एड.ला असताना माँटेसरी पद्धतीवर एक तरी प्रश्न हमखास यायचा. माँटेसरीबाईंचे नाव त्यामुळे आपल्या सर्वांना पाठ आहे. पण माँटेसरीबाई स्वतः ज्यांचे ऋण मानत, ज्यांचे लिखाण त्यांनी हाताने उतरवून काढले, त्या फ्रेंच डॉक्टरांबद्दल आपण फारसे वाचत नाही. त्यांचे नाव ज्याँ मार्क गास्पार इतार. इंग्रजी वळणाने काही जण इटार्ड असेही म्हणतात.

आज त्यांचे चरित्र लिहायला घेण्याचे कारण वेगळे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये जे २१ प्रकार दिले आहेत त्यात स्वमग्नता आहे. म्हणजे स्वमग्न मूल आपल्या पटावर कधी ना कधी येणारच. आणि ते आलं की आपली पहिली तक्रार अभ्यासाची नसते, हे मान्य करा. आपली तक्रार असते की ते मधेच उठतं, दुसऱ्याच्या डब्यात हात घालतं, रांगेत थांबत नाही, नको म्हटलं की किंचाळतं, चावतं. मनात आलं आणि हात गेला. या दोहोंच्या मध्ये क्षणभराचा जो थांबा लागतो त्यालाच आवेग नियंत्रण म्हणतात. हा थांबा मुलात कसा तयार होतो, कशाने होतो आणि कशाने होत नाही, हे इतार यांनी २०० वर्षांपूर्वी एकाच मुलाबरोबर पाच वर्षे काम करून लिहून ठेवले. तेव्हा स्वमग्नता हा शब्दसुद्धा नव्हता.

जन्म आणि शिक्षण

इतार यांचा जन्म २४ एप्रिल १७७४ रोजी दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स भागात ओरेझाँ या गावी झाला. घरच्यांना वाटत होते की मुलाने पेढीत, व्यापारात जावे. तेवढ्यात फ्रेंच राज्यक्रांती झाली. तरुण मुलांची सैन्यात भरती सुरू झाली. ती टाळण्यासाठी इतार लष्करी इस्पितळात सहायक म्हणून लागले. त्या वेळी त्यांना वैद्यकाचे काहीच शिक्षण नव्हते. कामावर राहूनच ते शिकले आणि त्यांना त्यात गोडी लागली. पुढे नेपोलियनचे प्रसिद्ध शल्यविशारद लारे यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि पॅरिसला आले. १८०० साल संपता संपता पॅरिसच्या कर्णबधिर मुलांच्या राष्ट्रीय संस्थेत त्यांची डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. वय २६. शेवटपर्यंत ते याच संस्थेत राहिले. लग्न केले नाही.

त्याच संस्थेत काही महिन्यांपूर्वी एक मुलगा आणून ठेवलेला होता.

जंगलातला मुलगा

दक्षिण फ्रान्सच्या आव्हेराँ भागात जंगलात एक उघडा मुलगा फिरताना लोकांना दोन तीन वर्षे अधूनमधून दिसत होता. तो कंद, बटाटे, अक्रोड खायचा. पकडला तरी पळून जायचा. जानेवारी १८०० मध्ये साँ सेर्नँ या गावात तो सापडला. वय अंदाजे ११-१२. बोलता येत नव्हते. गळ्यावर जुन्या जखमेचा मोठा व्रण होता. ऑगस्टमध्ये त्याला पॅरिसला आणले तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली. लोकांना वाटले होते की निसर्गात वाढलेला कुणी निर्मळ जीव बघायला मिळेल. दिसला तो सतत पुढे मागे डुलणारा, चावणारा, बोचकारणारा, कुणाकडेही न बघणारा पोरगा. लोकांचा उत्साह लवकरच मावळला. मग तो संस्थेच्या आवारात तसाच भटकत राहिला.

मानसिक रुग्णांच्या बेड्या काढण्यासाठी ज्यांचे नाव घेतले जाते ते थोर डॉक्टर पिनेल यांनी त्याला तपासले. हा मुलगा जन्मतःच मतिमंद आहे आणि शिकण्याची आशा नाही, असा अहवाल त्यांनी दिला. पिनेल म्हणजे त्या काळचा शेवटचा शब्द. पण २६ वर्षांच्या इतार यांना ते पटले नाही. मुलाला शिकवलेच नाही तर त्याला येत नाही असे कसे म्हणायचे, असा त्यांचा साधा मुद्दा होता. त्यांनी मुलाला आपल्याकडे घेतले. त्याचे रोजचे बघण्यासाठी संस्थेतच राहणाऱ्या मादाम गेरँ या बाईंना नेमले. ओ हा स्वर ऐकला की मुलगा वळून बघतो असे लक्षात आल्यावर ज्यात तो स्वर येतो असे नाव त्याला दिले, व्हिक्टर.

व्हिक्टर स्वमग्न होता का? यावर आजही एकमत नाही. हार्लन लेन या अभ्यासकाने १९७६ मध्ये लिहिले की त्याच्या अडचणी एकटेपणातून आलेल्या होत्या. उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात तो स्वमग्न असावा असे मत मांडले. मी डॉक्टर नाही. पण वर्णन वाचताना ओळख पटते एवढे सांगतो. त्याच्या पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला तरी तो दचकत नसे आणि अक्रोड फुटल्याचा बारीक आवाज आला की लगेच वळे. हवं ते मागण्यासाठी मोठ्या माणसाचा हात धरून त्या वस्तूपर्यंत नेई. खोलीतली वस्तू जागची हलली तर ती पुन्हा जागेवर ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. ज्यांनी असं मूल वर्गात सांभाळलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आधी मोकळीक, मग वळण

आपण काय केलं असतं? पहिल्या दिवसापासून मांडी घालून बसायला लावलं असतं. इतार यांनी उलटे केले. सुरुवातीला व्हिक्टरला जे आवडते तेच करू दिले. अंधार पडला की झोपू दिले, हवे ते खाऊ दिले, हवे तेवढे पळू दिले. मादाम गेरँ त्याला रोज फिरायला नेत. एकदा सकाळी बर्फ पडलेला दिसताच तो अर्धवट कपड्यांत बागेत धावला, बर्फात लोळला, मुठी भरभरून बर्फ खाल्ला. त्याला कुणी ओढून आणले नाही. मग हळूहळू, त्याला कळणारही नाही अशा बेताने फिरणे थोडे कमी, जेवणाच्या वेळा थोड्या ठरलेल्या, झोप थोडी कमी, असे करत दिवसाला आकार दिला.

थंडी उष्णता त्याला कळत नसे. उकळत्या पाण्यातले बटाटे तो सरळ हाताने काढायचा. इतार यांनी त्याला रोज दोन तीन तास गरम पाण्याने अंघोळ घालायला लावली. काही महिन्यांनी असे झाले की अंघोळीच्या आधी व्हिक्टर पाण्यात बोट घालून बघू लागला आणि पाणी पुरेसे गरम नसेल तर आत उतरायला नकार देऊ लागला.

मला या चरित्रातली ही फार मोठी घटना वाटते. बोट घालून बघणे म्हणजेच थांबणे. उडी मारण्याच्या आधी तपासणे. आणि हा थांबा त्याला कुणी दटावून शिकवला नव्हता. शरीराला जाणीव आली, तिच्या पाठोपाठ थांबा आला. आज स्वमग्न मुलांच्या बाबतीत हेच सांगितले जाते की आवाज, उजेड, स्पर्श, गर्दी यांचा त्रास होत असेल तर आवर घालण्याची ताकद त्यातच खर्च होते. आधी ती घालमेल कमी करावी लागते.

शब्द नाहीत तर हात जाणारच

व्हिक्टर बोलायला शिकावा म्हणून इतार यांनी जिवाचे रान केले. त्याला दूध फार आवडायचे. फ्रेंचमध्ये दुधाला ले म्हणतात. हा शब्द त्याला म्हणता येऊ लागला, पण तो दूध मागण्यासाठी नाही, तर दूध समोर आल्यावर आनंदाने म्हणायचा. इतार निराश झाले. बोलणे तेवढ्यावरच राहिले.

पण दुसरा रस्ता सापडला. सुट्या अक्षरांचे तुकडे मांडून तो शब्द करून दाखवला की दूध मिळायचे. व्हिक्टर ते बघून शिकला. एकदा संध्याकाळी फिरायला निघताना त्याने आपणहून ती चार अक्षरे खिशात टाकली. वेधशाळेजवळ एका ओळखीच्या घरी त्याला रोज दूध मिळत असे. तिथे पोहोचताच त्याने खिशातून अक्षरे काढली आणि टेबलावर दुधाचा शब्द मांडला. कुणी सांगितले नव्हते. म्हणजे त्याने पुढचा विचार केला, तिथपर्यंत धीर धरला आणि ओरबाडण्याऐवजी मागितले.

हावभावांतही तो हुशार होता. बघायला आलेले पाहुणे फार वेळ बसले की तो त्यांची काठी, हातमोजे, टोपी आणून हातात द्यायचा आणि हळूच दाराकडे ढकलायचा. (आपल्याकडे असे काही पाहुणे असतात ज्यांच्यासाठी व्हिक्टरच हवा.) हसण्यावारी नेऊ नका. ज्या मुलाने आधी चावा घेतला असता, ते मूल आता टोपी आणून देत आहे. रागाला वाट मिळाली.

माझ्या वर्गातला एक मुलगा पाण्याची बाटली दिसली की टोपण उघडून ओतायचा. कुणाचीही. रोजची भांडणं. आमच्या विशेष शिक्षिका ताईंनी त्याच्या बाकावर दोन चित्रांची पट्टी चिकटवली. आधी पाढा, मग बागेतल्या झाडांना पाणी. पहिला आठवडा काही फरक नाही. नंतर तो बाटलीकडे हात नेऊन पट्टीकडे बघायला लागला. तेवढाच दीड सेकंद. पण त्या दीड सेकंदात सगळं होतं.

साध्या मुलांच्या बाबतीत काय होतं बघा. तीन चार वर्षांचं मूल खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलतं, हात लावायचा नाही, आई रागवेल असं स्वतःलाच सांगतं. पुढे हे बोलणं मनात जातं आणि मनातल्या मनात मूल स्वतःला आवरतं. रशियाचे मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी हे नीट मांडले आहे. ज्या मुलाची भाषाच उशिरा येते किंवा वेगळ्या रीतीने येते, त्याला हे मनातलं बोलणं कुठून मिळणार? म्हणून चित्र, अक्षर, खूण, ठरलेलं वेळापत्रक यांचा आधार लागतो. शिवाय मेंदूचा जो पुढचा भाग आवर घालण्याचं काम करतो, तो सगळ्याच माणसांत विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. स्वमग्न मुलांत हे सगळ्यांचं एकसारखं नसतं. एखाद्याला हात मागे घेणं जमतं पण एका कामातून दुसऱ्या कामात जाताना त्याचा स्फोट होतो. दुसऱ्याचं उलट. वयानुसार वाढ होतेच, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा सावकाश.

खिडकी

आता चरित्रातला कटू भाग. तो गाळून इतार यांना देवमाणूस करायचे नाही.

अक्षरांचे पाठ अवघड होत गेले तसे व्हिक्टर चिडू लागला. पुठ्ठे फेकायचा, चादर चावायचा, शेकोटीतली लाकडे, निखारे खोलीभर उधळायचा आणि शेवटी फिट आल्यासारखा जमिनीवर पडायचा. सुरुवातीला इतार पाठ थांबवायचे. पण मग असे झटके रोजचेच झाले. मुलगा आता ठरवून करतो आहे असे इतार यांना वाटू लागले. व्हिक्टरला उंचीची फार भीती वाटते हे त्यांना माहीत होते. वेधशाळेच्या गच्चीवर कठड्याजवळ गेला की तो थरथर कापायचा. एक दिवस असाच झटका आला तेव्हा इतार यांनी त्याला उचलले, चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर धरले, तोंड खाली करून.

काही क्षणांनी आत घेतले तेव्हा मुलगा पांढराफटक पडला होता, घामाने थबथबला होता. इतार यांनी त्याला पाठाच्या जागी नेऊन सगळे पुठ्ठे गोळा करायला लावले. त्याने केले. मग तो अंथरुणावर पडून खूप रडला. त्याला रडताना इतार यांनी प्रथमच पाहिले.

त्यानंतर झटके जवळजवळ थांबले असे इतार यांनी स्वतः लिहिले आहे आणि उपाय लागू पडला असे त्यांना वाटले. पुष्कळ जण आजही इथेच थांबतात. बघा, धाक दाखवला की सुधारतात, असं शिक्षक परिषदेत चहाच्या वेळी ऐकायला मिळतंच. पण इतार यांच्याच दुसऱ्या नोंदी पुढे वाचाव्या लागतात. स्वर ओळखण्याच्या पाठात व्हिक्टरच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असायची आणि प्रत्येक स्वराला एक बोट वर करायचे असायचे. त्याला हा खेळ इतका आवडला की हसता हसता तो कोणतेही बोट वर करू लागला. पट्टी काढून बघितले, रागावून बघितले, शेवटी चुकले की बोटांवर हलकी काठी मारली. हसणे थांबले. पण उत्तरे बरोबर येण्याऐवजी आणखी चुकू लागली. मुलगा घाबरून गेला आणि भीती इतकी बसली की ऐकण्याचे ते सगळे पाठच इतार यांना सोडून द्यावे लागले. प्रेमाने वागून बघितले तरी तो आधीचा आनंद परत आला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले.

भीतीने हात थांबतो हे खरं. पण त्याबरोबर डोकंही थांबतं. खिडकीबाहेर धरलेला मुलगा त्या दिवशी पुठ्ठे गोळा करायला शिकला नाही. तो फक्त इतार यांना घाबरायला शिकला. शिवाय निखारे उधळणं हे ठरवून केलेलं होतं की पाठ झेपत नसल्याची ती बोंब होती? हट्ट आणि असह्य होऊन फुटणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक बघायचा तर आधी काय घडलं ते बघावं लागतं. इथे आधी काय घडलं ते इतार यांनीच लिहिलं आहे. पाठ अवघड झाले होते.

ताट

मादाम गेरँ यांनी त्याला काय शिकवले याचे अहवालात वेगळे प्रकरण नाही. पण त्यांचे नाव पानोपानी येते. त्या त्याला अंघोळ घालत, फिरवत, जेवू घालत, पळाला तर शोधून आणत. घरातली कामे तो त्यांच्याकडूनच शिकला. लाकडे कापायला त्याला फार आवडे. करवत खोल जाईल तसा त्याचा जोर वाढायचा आणि ओंडका तुटून पडला की आनंदाने उसळायचा. जेवणाचे टेबल मांडणे हे त्याचे रोजचे काम होते.

बाईंचे यजमान आजारी पडले. व्हिक्टर रोजच्यासारखे त्यांचेही ताट मांडायचा आणि मग ते उचलावे लागायचे. पुढे यजमान वारले. ज्या दिवशी वारले त्या दिवशीही त्याने ताट मांडले. ते बघून बाईंना रडू कोसळले. व्हिक्टरने त्यांच्याकडे बघितले. मग त्याने ते ताट उचलले, खिन्न होऊन कपाटात ठेवले आणि पुन्हा कधीही मांडले नाही.

ज्या मुलाला वस्तू जागेवर नसली तर चैन पडत नसे, त्याने आपली रोजची रीत एका क्षणात मोडली, कुणीही न सांगता. बाईंच्या डोळ्यांतल्या पाण्याने ते झाले. व्हिक्टरची सुटी अक्षरे, चित्रे, पुठ्ठे हे सगळे इतार यांचे. हा थांबा मात्र त्या बाईंचा आहे असे मला ठामपणे वाटते.

वयात येताना

व्हिक्टर वयात आला तसे सगळे बिघडले. इतार यांना वाटत होते की या वयात त्याला माणसांची ओढ लागेल आणि शिक्षणाला वेग येईल. झाले उलटे. तो बेचैन झाला, विनाकारण रडायचा, कपडे फाडायचा, किंचाळायचा, कधी बाईंनाही बोचकारायचा. स्त्रियांजवळ जाऊन बसायचा, हात धरायचा आणि मग एकाएकी त्यांना ढकलून द्यायचा. आपल्याला काय होते आहे हे त्याला कळत नव्हते. इतार यांनी थंड पाण्याच्या अंघोळी, हलका आहार, दमवणारा व्यायाम हे सगळे करून बघितले. त्या काळाच्या रीतीप्रमाणे रक्तसुद्धा काढले. पण शरीरात होणाऱ्या बदलांबद्दल त्याला काही समजावण्याचे धाडस त्यांना झाले नाही. त्यांनी ते टाळले.

ज्या डॉक्टरांनी पिनेल यांच्यासारख्या माणसाला न जुमानता शिकवायला घेतले, ते नेमके या ठिकाणी शिकवायचे थांबले. आपण तरी काय करतो? सातवी आठवीतल्या स्वमग्न मुलाचा हात नको तिथे गेला की आधी पालकांना बोलावतो आणि मग शाळा बंद करायला सुचवतो. कुठे कपडे बदलायचे, कुणाला किती जवळून भेटायचं, अंगाला काय होतंय, हे इतर मुलं मित्रांकडून, बघून बघून उचलतात. याला ते कुणी तरी चित्रं काढून, स्पष्ट शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ते वय येण्याच्या आधी.

याच काळात एकदा तो पळाला. पॅरिसच्या उत्तरेला सांलीसच्या जंगलापर्यंत पोहोचला. तिथे शिपायांनी त्याला भटक्या म्हणून धरले. तो पॅरिसच्या तुरुंगात होता. दोन आठवड्यांनी ओळख पटली आणि मादाम गेरँ त्याला घ्यायला गेल्या. त्यांना बघताच त्याची शुद्ध हरपली. बाईंनी कुरवाळल्यावर डोळे उघडले आणि तो आनंदाने ओरडू लागला. बघणाऱ्यांना वाटले की आई आणि मुलगाच आहेत.

दुसऱ्या दिवशी इतार भेटायला आले तेव्हा व्हिक्टरने अंथरुणातून उठून हात पसरले. परीक्षा म्हणून इतार कोरडे उभे राहिले. मुलगा पांघरुणात तोंड लपवून रडू लागला. इतार यांनी आणखी रागावून बघितले. हुंदके अनावर झाले तेव्हा मग जवळ घेतले. अशीच आणखी एक परीक्षा त्यांनी घेतली होती. व्हिक्टरने सगळे बरोबर केले असताना मुद्दाम त्याला शिक्षा म्हणून अंधाऱ्या कोठडीकडे ओढले. व्हिक्टर इतार यांच्या हाताला कडकडून चावला. इतार यांना दुखले पण आनंदही झाला, कारण अन्याय झाला हे मुलाला कळले असा त्यांनी अर्थ काढला. अर्थ बरोबरच आहे. असा चावा आपल्या शाळेत पडला तर नोंदवहीत मात्र एकच शब्द जाईल, हिंसक.

पुढचे आयुष्य

१८०१ मध्ये इतार यांचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला आणि युरोपभर गाजला. दुसरा त्यांनी १८०६ मध्ये सरकारला दिला. त्यात ते थकलेले दिसतात. बोलणे आले नाही म्हणजे आपण हरलो असे त्यांना वाटत होते. रोजचे पाठ बंद झाले. १८११ च्या सुमारास व्हिक्टर मादाम गेरँ यांच्याबरोबर संस्थेजवळच्या एका घरात राहायला गेला. बाईंना सरकारकडून त्याच्या सांभाळासाठी वर्षाला काही रक्कम मिळत असे. तिथेच १८२८ मध्ये तो वारला. वय चाळीसच्या आसपास.

इतार यांनी मग कानाच्या आजारांकडे लक्ष वळवले. १८२१ मध्ये त्यांनी कान आणि श्रवण यांवर मोठा ग्रंथ लिहिला. कानाच्या वैद्यकशास्त्राचे ते एक प्रवर्तक मानले जातात. तिथेही वाट सरळ नव्हती. बहिरेपण घालवण्यासाठी त्यांनी संस्थेतल्या मुलांवर जळवा लावणे, कानाचा पडदा छेदणे असे वेदना देणारे प्रयोग केले. त्यातून हाती काही लागले नाही. खुणांची भाषा ही या मुलांची हक्काची भाषा आहे हे त्यांना उशिरा, वयाच्या उत्तरार्धात पटले.

आवेग या विषयाशी त्यांचा आणखी एक संबंध आला. १८२५ मध्ये त्यांनी एका उमराव घराण्यातील स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. तिला लहानपणापासून अंगाला झटके येत आणि तोंडातून नको ते शब्द आपोआप निघत. ती सुशिक्षित होती, तिला स्वतःची लाज वाटायची, पण थांबवता येत नव्हते. पुढे १८८५ मध्ये जिल द ला तुरेत यांनी याच नोंदीचा आधार घेऊन या आजाराचे वर्णन केले. आज तो तुरेत सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. १८२८ मध्ये, म्हणजे व्हिक्टर गेला त्याच वर्षी, ज्यांना ऐकू येते पण बोलता येत नाही अशा मुलांवर इतार यांनी एक लेख लिहिला. ही मुले बहिरी नाहीत, आणि त्यांना सरसकट मतिमंद म्हणूनही चालणार नाही, त्यांचा गट वेगळा आहे, असे त्यांनी त्यात मांडले. ५ जुलै १८३८ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या संपत्तीतला काही भाग त्यांनी संस्थेतल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवला.

शेवटच्या दिवसांत त्यांच्याकडे एदुआर सेगँ नावाचा तरुण येऊ लागला होता. त्याने मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांसाठी पद्धतशीर शिक्षण उभे केले आणि पुढे अमेरिकेत नेले. इतार आणि सेगँ यांची पुस्तके रोमच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी वाचली, हाताने उतरवून काढली आणि त्यांतली साधने आपल्या शाळेत आणली. माँटेसरी पद्धत आपल्याकडे रुजवली ती भावनगरला गिजुभाई बधेका यांनी आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालवाड्या भरवल्या. तिथे महागडी साधने परवडण्यासारखी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, दगड, पाने जमवून साधने केली गेली. आपल्या अंगणवाडीच्या पेटीत जी सुटी अक्षरे असतात, ती व्हिक्टर दूध मागायला खिशात घालून घेऊन गेला होता त्याच जातीची आहेत.